इसदाल घरातला की बाहेरचा

माझा जावई युसरी माझ्या टेबलावर बसून माझाच मासा खातो आणि तोंड फक्त त्यासाठीच उघडतो. मागच्या शुक्रवारी त्याने बोईचं डोकं इतकं साफ केलं, की मांजराने नंतर त्या ताटलीकडे ढुंकून पाहिलं नाही. हात धुतले, "हाज्जा, तुमचे हात सलामत राहोत" म्हणाला, बायकोला घेऊन फेरीबोटीने पलीकडे पोर्ट फुआदला निघून गेला. शनिवारी सकाळी आम्हाला कळलं, की गुरुवारीच या गृहस्थाने आमचा कंटेनर गोदीत अडकवून ठेवला होता. म्हणजे मासा खाताना त्याला सगळं माहीत होतं. मला कंटेनरपेक्षा त्या माशाचा जास्त राग आला.

कंटेनरमध्ये इसदाल होते. इसदाल म्हणजे काय हे पोर्ट सईदमध्ये कोणाला सांगावं लागत नाही, पण कस्टमला सांगावं लागतं. डोक्यापासून पायापर्यंत एकच झगा, चेहऱ्यापुरती वाटोळी खिडकी, नमाजाच्या वेळी घरातल्या कपड्यांवरून घ्यायचा. माझ्या थोरल्या मुलाने, वगदीने, कागदावर लिहिलं, बायकांचे घरात घालायचे झगे. कस्टममध्ये कपड्यांचा वर्ग ठरवायचं काम युसरीचं. त्याने ते खोडून लिहिलं, बायकांचे बाहेर जाताना वरून घालायचे झगे. फरक एवढाच. पण घरातल्या कपड्याची किंमत कस्टमवाले कमी धरतात, बाहेरच्याची जास्त, आणि कर किमतीवर बसतो. त्यात रमजान तोंडावर आलेला. इसदाल रमजानमध्ये खपतात, ईदनंतर त्यांना कोणी हात लावत नाही.

आमच्या घराचं कस्टमशी वाकडं पहिल्यापासूनच. माझा नवरा फिक्री, अल्लाह त्याच्यावर दया करो, होडीतून मोठ्या जहाजांना माल विकायचा, आणि शहराच्या फाटकावर कस्टमवाले बिनकराचा माल पकडायचे, तिथून बाहेर पडताना एकावर एक सदरे चढवून, भर जूनमध्ये अंगात ताप आहे म्हणून सांगायचा. तरी कस्टमवाल्याला मुलगी द्यायची वेळ आली तेव्हा त्यानेच हो म्हटलं. म्हणाला, बाहेर ठेवण्यापेक्षा घरात असलेला बरा. तो स्वतः आता कबरीत आरामात आहे आणि निस्तरायला मी आहे.

शनिवारी युसरी कचेरीत असताना वगदी पोर्ट फुआदला गेला. "आईला बरं नाही" असं सांगून बहिणीला घेऊन आला. मला उत्तम होतं. सफिनाज धावतपळत हातात बॅग घेऊन आली, तेव्हा मी कोबीची पानं उकडत होते. तिने माझ्या कपाळाला हात लावला, मग भावाकडे पाहिलं.

वगदी म्हणाला, "तुझा नवरा ती ओळ बदलेपर्यंत तू इथे राहायचंस. नाही बदलली तर कायमची राहा."

मी कोबीची पानं निथळायला काढली. माशाचा राग अजून पोटात होता.

बॅग दाराजवळच्या बोळातच राहिली. सफिनाजने ती उघडली नाही. आठवडाभर माझे कपडे घालून फिरली, आणि माझ्या एका झग्यात सफिनाज दोनदा मावते. कोणी विचारलं तर म्हणायची, इस्त्री मोडेल म्हणून उघडत नाही. मी तिला जन्म दिलाय. सफिनाजने आजवर कशाला इस्त्री केलेली मला माहीत नाही.

शुक्रवारी युसरी नेहमीच्या वेळेला आला. हातात बसबुसाचा, रव्याच्या मिठाईचा, खोका. बोळात बॅग दिसली तसा क्षणभर थांबला, मग तिला वळसा घालून आत आला.

मासे कोपऱ्यावरच्या भट्टीवर कोंड्यात भाजायला दिले होते. स्वयंपाकघरात वगदीची बायको नग्वा तिळाची ताहिनी घोटत होती आणि सफिनाज कांदा तपकिरी करत होती. आमच्या स्वयंपाकघराला दार नाही. फिक्रीने काढून टाकलं होतं, मी आतून काय बोलते ते त्याला ऐकायचं असायचं. आता मला उपयोगी पडतं.

"तू एकदा गळ्यात पड त्याच्या," नग्वा म्हणाली. "पुरुष आहे. विरघळेल."

"गळ्यात पडून काय म्हणू? बारा हजार झग्यांना घरात घे?"

"मी काय तुझ्या वाईटावर आहे? वगदीने सगळा पैसा त्यात घातलाय. आमच्या मुलीचं लग्न ईदनंतर आहे, माहीत आहे ना?"

"माहीत आहे. माझं झालेलं आहे, तेही कोणीतरी लक्षात ठेवा."

"कांदा जळतोय."

"जळू दे."

सफिनाज भाऊ आणि नवरा दोघांवरही चिडलेली होती, पण सारखी नाही. भावाने फसवून आणलं याचा राग तोंडावर होता. नवरा आठवडाभरात एकदाही न्यायला आला नाही, त्याचा राग खाली दडपलेला. तो का आला नाही हे मला समजत होतं. आला असता तर वगदीने दारातच सौदा मांडला असता. पण हे सफिनाजला मी कशाला सांगू? तिचा नवरा आहे, तिने ओळखावं.

टेबलावर वगदीने नमुना आणून ठेवला होता. जांभळा इसदाल, नव्याकोऱ्या घडीतला. मासा जिथे ठेवायचा तिथे त्याने तो पसरला.

"बोल, युसरी पाशा," तो म्हणाला. "सगळ्यांसमोर बोल. हे काय आहे?"

"वगदी, हे कचेरीतलं काम आहे."

"कचेरीत तू आम्हाला खुर्ची देत नाहीस. इथे आम्ही तुला दिलीय. हे काय आहे?"

"इसदाल आहे."

"कशाला घालतात?"

"नमाजाला."

"नमाज कुठे पढतात?"

"घरात." युसरीने दोन्ही हात मांडीवर ठेवले होते. त्याची नजर झग्यावर होती, माझ्या डॉक्टरची माझ्या गुडघ्यावर असते तशी. "पण कपडा कशासाठी शिवला ते एक असतं आणि लोक तो कसा घालतात ते दुसरं. आम्हाला कपडा बघायचा असतो. कापड जाड आहे. खाली जोडे झाकले जाणार नाहीत एवढा आखूड केलाय. आणि याला खिसा आहे."

"घरातल्या गाऊनला खिसा नसतो?"

"असतो. चेनचा नसतो. घरात चेन लावून पैसे कोणापासून लपवायचे?"

"वगदीपासून," माझा धाकटा मुलगा नादिर म्हणाला.

नादिर आत्तापर्यंत वगदीच्या बाजूला बसला होता. वगदीने त्याच्याकडे पाहिलं, तसा तो खुर्ची थोडी मागे घेऊन बसला. कुठल्याच बाजूला नाही असा.

मला आठवलं तो खिसा कुठून आला. मागच्या वर्षीचा माल बिनखिशाचा होता आणि घरातला म्हणून बिनबोभाट सुटला होता. मग नग्वाने नवऱ्याच्या मागे टुमणं लावलं, की गिऱ्हाइकं खिसा मागतात, किल्ली कुठे ठेवायची, मोबाइल कुठे ठेवायचा. वगदीने चीनच्या कारखान्याला सांगून खिसा लावून घेतला, चेनसकट. त्याला त्याचं मोठं कौतुक. दुकानाच्या काचेवर लिहिलंसुद्धा, खिसेवाला. आपणच आपल्या मालाला खिसा लावून तो उंबऱ्याबाहेर काढला, हे त्याच्या डोक्यात शिरत नव्हतं. ते डोकं बापाचं आहे. फिक्रीलाही स्वतः केलेली गोष्ट दुसऱ्याने केली असं वाटायचं.

"तू लिहिलंस, बायका हा घालून रस्त्यावर सर्रास दिसतात," वगदी म्हणाला. "कोणाला पाहिलंस? नाव सांग."

"नावं लिहीत नाहीत."

"तुझ्या बायकोला पाहिलंस?"

आतून कांदा परतायचा आवाज थांबला.

"माझी बायको काय घालते ते मी कचेरीत सांगत नाही," युसरी म्हणाला.

"मग आईला पाहिलंस?"

"हाज्जा दिसल्या तर मी सलाम करतो. कपडा बघत नाही."

मी गेल्या महिन्यात निळा इसदाल घालून मासळीबाजारात गेले होते आणि युसरीने मला सलाम केला होता. मी पाणी प्यायले.

वगदीने बायकोला हाक मारली. "नग्वा, इकडे ये. तू सांग. तू बाई आहेस."

नग्वा हात पुसत आली. "काय सांगू?"

"चांगल्या घरची बाई हा घालून बाहेर जाते का?"

"छे," नग्वा म्हणाली. "मी तर हा घालून इमारतीच्या दरवानाला दार उघडायलासुद्धा लाजते. घरातला तो घरातला." आणि पुन्हा ताहिनीकडे गेली.

नादिर युसरीला घेऊन गच्चीवर गेला. तिथे काय बोलणं झालं ते मला नादिरने भांडी आवरताना सांगितलं. त्याच्या पोटात काही राहत नाही, लहानपणी दूधही राहायचं नाही. वगदीनेच त्याला पढवलं होतं, की एकटं गाठ आणि समजाव.

"एक शब्द बदल रे," नादिर म्हणाला. "कोणाचं काय जातंय?"

"मी साहेबांना सांगितलं होतं, ही माझ्या बायकोची माणसं आहेत, हा माल दुसऱ्याला द्या," युसरी म्हणाला. "साहेब म्हणाले, पोर्ट सईदमधला प्रत्येक कंटेनर कोणाच्या तरी मेहुण्याचा असतो. नातेवाईक सोडत बसलो तर बंदराला कुलूप लावावं लागेल."

नादिर हसला. तिथेच तो फुटला. त्याला हसवलं की तो तुमचा.

"पण मग बहिणीचं काय?"

"सफिनाज नीट जेवते ना?" युसरीने विचारलं.

"जेवते. तू नेणार आहेस की नाही तिला?"

"मी न्यायला आलोय. ओळ बदलायला नाही. वगदी दोन्ही एकाच तराजूत ठेवतो, त्याला मी काय करू? आज ओळ बदलून नेली, तर उद्या तिच्याकडे बघताना मला बारा हजार झगे दिसतील."

हे वाक्य नादिरने मला दोनदा सांगितलं. पहिल्यांदाच माझ्या लक्षात आलं होतं.

ते खाली आले तेव्हा भट्टीवरून मासे आले होते, भात टेबलावर आला होता, आणि नग्वाच्या लक्षात आलं की लिंबं नाहीत. लिंबाशिवाय बोई मी माझ्या घरात कोणाला वाढत नाही. खाली अबू समराचं दुकान आहे, एरवी आम्ही दोरीने टोपली सोडतो. पण दोरी बुधवारी तुटली होती आणि नादिर ती बांधणार होता.

"मी आणते," नग्वा म्हणाली. तिच्या अंगात बिनबाह्यांचा घरातला झगा होता, पुढे ताहिनीचे डाग. तिने इकडेतिकडे पाहिलं. वगदीने भाताला जागा करायला नमुना उचलून खुर्चीच्या पाठीवर टाकला होता. नग्वाने तो उचलला, डोक्यातून घातला, चेहरा खिडकीत बसवला आणि पर्स न घेता गेली. पैसे खिशात टाकले.

ती हे मुद्दाम करत नव्हती. नाक खाजवावं तसं केलं तिने. वगदी पाठमोरा उभा होता, त्याने पाहिलं नाही. नादिर मोबाइलमध्ये होता. सफिनाज आत होती. मी पाहिलं, आणि युसरीने पाहिलं.

"आपल्यात बाई हा घालून उंबरा ओलांडत नाही," वगदी सांगत होता. "ही आपली रीत आहे. तुम्ही कस्टमवाले कागद वाचता, माणसं नाही वाचत."

माझ्या आणि युसरीच्या समोर खिडकी होती, सताड उघडी. खाली गल्लीत जांभळा इसदाल अबू समराच्या दुकानातून बाहेर आला. पुढे शिंपिणीपाशी थांबला. शिंपिणीने बाही चिमटीत धरून पाहिली. इसदालाने गिरकी घेऊन तिला पाठ दाखवली. मग खिसा दाखवला. चेन उघडून, लावून, परत उघडून. शिंपिणीच्या अंगात काळा इसदाल होता, पाववालीच्या अंगात करडा. माझी सून तिथे उभी राहून माल विकत होती, आणि चांगला विकत होती.

"उंबरा म्हणजे उंबरा," वगदी म्हणाला.

युसरीने फक्त बोट उचलायचं होतं. वगदीला मागे वळून बघ म्हणायचं होतं. सगळा तंटा तिथेच मिटला असता, नग्वाची आठवडाभर मान वर झाली नसती आणि वगदीची वर्षभर. मी त्याच्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता बोलेल. आठ वर्षं माझ्याकडे जेवतोय, बोलायचं असेल तर आज बोलेल.

युसरी उठला. खिडकीपाशी गेला आणि फळ्या ओढून घेतल्या.

"ऊन डोळ्यांवर येतंय," तो म्हणाला.

आमच्या घराच्या त्या बाजूला ऊन येत नाही. ती उत्तर आहे, पलीकडे समुद्र. फिक्रीने हे घर घेतलंच त्यासाठी.

तो परत येऊन बसला. हात पुन्हा मांडीवर. वगदी त्याला म्हणाला, "बघ, उत्तर नाही तुझ्याकडे." युसरी म्हणाला, "नाही."

नग्वा लिंबं घेऊन आली. इसदाल डोक्यातून काढून परत खुर्चीच्या पाठीवर टाकला. टाकताना खिशात मोड खुळखुळली. त्या आवाजाला वगदी वळला. त्याने झग्याकडे पाहिलं, लिंबांकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. नग्वाला तेव्हा कळलं आपण काय घालून गेलो होतो. ती लिंबं हातात धरून तशीच उभी राहिली.

"अंधार का केलाय?" सफिनाज भाताचं दुसरं भांडं घेऊन आत येत म्हणाली.

"ऊन येत होतं," मी म्हणाले. "बस. सगळे बसा. नग्वा, लिंबं काप, काही झालं नाहीये."

"आई," वगदी म्हणाला, "ती घाईत होती, एक वेळ सोडून दे..."

"बाई घाईत असते तेव्हा जे घालते, तोच तिचा बाहेरचा कपडा. तुझ्या बायकोने खिसा मागितला, तू लावून दिलास. चांगला खिसा आहे, शिंपिणीलाही आवडला. आता त्याचे पैसे भर."

"रमजानचा सगळा नफा जाईल."

"जाऊ दे. मुलीच्या लग्नाचं माझ्या बांगड्यांतून होईल. त्या मी दुसऱ्या कोणासाठी ठेवल्या आहेत? पण माझी मुलगी तुझ्या मालाबरोबर गोदीत पडून राहणार नाही. तिला खोटं सांगून आणलंस, माझ्या तब्येतीचं नाव घेऊन. माझी तब्येत पुन्हा वापरलीस तर मी खरंच आजारी पडेन आणि तुझ्याच घरी येऊन पडेन."

नग्वाने लिंबं कापायला घेतली. भराभर. नादिर म्हणाला, "मी आधीपासून हेच म्हणत होतो." कोणी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

वगदी बसला. मग बहिणीकडे न बघता ताहिनीची वाटी तिच्यापुढे सरकवली. सफिनाजने ती घेतली नाही, पण परतही ढकलली नाही.

युसरी अजून बसून होता, ताट रिकामं. मी सगळ्यांत मोठ्या बोईचं डोकं तोडलं, त्याच्या ताटात ठेवलं, वर लिंबाची फोड. त्याने हात पुढे केला. मी त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"थांब. आधी ऐक, मग खा. युसरी बाळा, झगा बाहेरचाच आहे. तू लिहिलंस ते बरोबर लिहिलंस, आणि खिडकी लावलीस ते मी पाहिलं. पण गुरुवारी माझ्या घराविरुद्ध लिहून शुक्रवारी माझ्या टेबलावर गप्प बसून जेवलास, ते चुकलास. कचेरीतलं मला सांगू नकोस, मला ऐकायचं नाही. फक्त असं काही लिहिशील त्या शुक्रवारी जेवायला येऊ नकोस. तुझी खुर्ची रिकामी दिसली की मी समजेन, आणि वगदीला पैशांची सोय करायला सांगेन. आता खा. आणि जाताना बोळातली ती बॅग उचल. तिने आठवडाभर उघडलेलीसुद्धा नाही, आणि तू त्या बॅगेला वळसा घालून आत आलास."